ग्रेसचं पहिलं एकटं उड्डाण

शांता, माझी बायको — तिच्यापासून मी काही लपवत नाही. विमान शिकताना पहिल्याच दिवशी ओकलो, तेसुद्धा मी तिला लग्नाआधी सांगून टाकलं होतं. पण हे तिलाही ठाऊक नाही. आणि गंमत बघा, तुम्ही आमच्या गावी, नाचणगावला जाऊन माझं नाव काढलंत, तर कोणीही तुम्हाला हीच गोष्ट सांगेल, मोठ्या कौतुकानं. घडलं तसंच सांगतील. फक्त माझ्याबद्दल जे सांगतील — ते खोटं.

आमचं घर भाजीवाल्यांचं. वांगी, कोबी, सांबार — म्हणजे तुमची कोथिंबीर — काढायचा आणि पुलगावच्या बाजारात न्यायचा. त्या घरातला मी नागपूरला विमान शिकलो, मग सत्तरचं दशक संपता संपता आफ्रिकेतल्या एका देशात विमानाच्या शाळेत शिकवायला गेलो. आईला एकच काळजी होती, तिथं जवारी भेटते का? भेटायची! शांता भाकरी थापायची आणि शेजारणी खिडकीतून बघत राहायच्या. आम्ही फार सुखात होतो तिथं.

ग्रेस माझी विद्यार्थिनी. पोस्टात नोकरी करायची, सुट्टी काढून उडायला यायची. उंच, दणकट, आणि हसणं असं की इंजिनाच्या आवाजातही ऐकू यावं. उतरताना ती विमानाचं नाक फार लवकर वर उचलायची. मग विमान धावपट्टीवर बेडकासारखं उड्या मारत यायचं आणि प्रत्येक उडीला ही हसायची. मी तिला म्हटलं होतं, एकटीनं उडायला तुला अजून वेळ आहे. खरंच होता.

मग एका सकाळी रेडिओवर नुसता लष्करी बँड. दुपारी कळलं, राष्ट्राध्यक्ष बदलले. नवे कोण, जुने कुठे — कोणालाच पत्ता नाही. रस्त्यावर सैनिक, दुकानं बंद. तिसऱ्या दिवशी शाळेच्या साहेबांना मात्र वरून हुकूम आला की विमानं उडताना दिसली पाहिजेत, म्हणजे लोकांना वाटेल सगळं ठीक आहे.

आता हे ऐका. आदल्याच दिवशी पिकावर औषध मारणाऱ्या एका विमानावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या — शत्रूचं समजून. वैमानिक वाचला. पंखाला पडलेल्या भोकात मी स्वतः बोट घालून पाहिलं होतं. साहेबांनी आम्हा शिक्षकांना बजावलं, विद्यार्थ्यांना सांगू नका, घाबरतील. सैनिकांना कळवलंय म्हणाले. पण सगळ्या सैनिकांना?

ग्रेस आणि मी विमान घेऊन धावपट्टीच्या टोकाला गेलो. तिथं कुंपणापलीकडे एक ट्रक उभा होता. ट्रकवर मशीनगन, मशीनगनमागे सैनिक. त्यांना निरोप पोचला होता का? कोणाला ठाऊक! मला ते पंखातलं भोक आठवलं. इंजिन नीट चालत नाही म्हणून विमान मागे फिरवता आलं असतं. पण साहेबांनी कारण विचारलं असतं, इंजिन तपासलं असतं, आणि मी भित्रा ठरलो असतो.

मी पट्टा सोडला. म्हटलं, "ग्रेस, आज तू एकटी जा. मी उतरतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं — तसं कोणी माझ्याकडे त्याआधी पाहिलं नव्हतं. मग मी उतरून दार लावलं आणि गवतात जाऊन उभा राहिलो.

माझं वजन उतरल्यावर ते विमान असं उसळलं, जसं वासराचं दावं सुटावं! ट्रकवरचे सैनिक उभे राहिले. मी डोळे मिटले. मग कसला तरी आवाज आला म्हणून उघडले, तर ते टोप्या हलवत ओरडत होते, खेळ बघायला आल्यासारखे. ग्रेसनं एक चक्कर मारली आणि उतरली. एकही उडी नाही. लोण्यासारखी उतरली हो!

पहिल्या एकट्या उड्डाणानंतर डोक्यावर पाणी ओतायची रीत असते. आम्ही बादलीभर ओतलं. सैनिक कुंपण ओलांडून आले, त्यांनीही ओतलं. भिजलेली ग्रेस मला मिठी मारून रडत म्हणाली, "माझ्यावर एवढा विश्वास कोणीच ठेवला नव्हता."

मी रिकामी बादली उचलली आणि आणखी पाणी आणायला गेलो.

काही वर्षांनी आम्ही गावी परतलो. आणि ऐंशीच्या दशकात एकदा ग्रेस चक्क नाचणगावला आली! ती आता मोठ्या विमानावर होती, मुंबईत चार दिवस मोकळे मिळाले होते. भाऊ पुलगाव स्टेशनवर बैलगाडी घेऊन गेला. निम्मं गाव अंगणात जमलं. आईनं भरली वांगी केली होती, ग्रेसनं ठेचा मागून मागून खाल्ला आणि पोरं तिच्याभोवती हात पसरून विमानासारखी धावत सुटली. ती आता स्वतः शिकवणार होती. जेवण झाल्यावर ती उभी राहिली आणि सगळ्यांना त्या दिवसाची गोष्ट सांगू लागली. इंग्रजीत.

"काय म्हनून राह्यली रे हे पोरगी?" आईनं विचारलं.

भाषांतर करणारा मी एकटाच. माझंच कौतुक, माझ्याच तोंडून, वाक्यावाक्यानं! एक वाक्य बदललं असतं तरी पुरे होतं. नाही बदललं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "लेकराले एकटं वर धाडलं अन् तू खाली उभा राह्यला. तुले भेव नाई वाटलं?"

"नाई, माय."

आईनं ग्रेसचा हात धरला. "याच्या बापानं याले बैलाचा कासरा नाई देला कधी एकट्याले. अन् यानं तुले विमान देलं!" अंगण हसून हसून फुटलं. मी तेही ग्रेसला सांगितलं आणि ती डोळे पुसत हसत राहिली. मीही हसलो. मनापासून हसलो, हेही सांगून ठेवतो. त्या दिवसाइतका आनंद आमच्या घरात पुन्हा कधी झाला नाही. आई जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगत असे, आणि मी शेजारी बसून ऐकत असे.

मी ग्रेसवर विश्वास टाकला नव्हता. ती तयार नाही, असंच मला वाटत होतं. गोळी आली तर तिला एकटीला लागेल, हे पट्टा सोडताना मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.