चार जोड्या उलट्या निघाल्या

आतड्यातली गाठ नुसत्या बोटांनी ओळखण्यात प्रसेनजीत कुरणे यांचा हात धरणारा कोल्हापुरात दुसरा नव्हता. निरोगी आतडं ओल्या फडक्यासारखं बोटांतून सरकतं. गाठ आली की बोट अडतं आणि सुरी लावली की कच्च्या पेरूसारखं करकरतं. कॅन्सरच्या एका रुग्णालयात, तपासणी विभागात, सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. वडील शिरोली एमआयडीसीत भट्टीपुढं उभे राहून भाजून निघालेले. पोरानं सावलीत काम करावं एवढीच त्यांची इच्छा होती. पोरगा सावलीत आला, आणि हळूहळू त्याला आपल्या हाताचा गर्व झाला.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर अक्षता तिथं आल्या. मोठ्या आतड्याच्या गाठीत कोणती प्रथिनं वाढतात आणि कोणती घटतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी प्रत्येक रुग्णाचे दोन तुकडे लागायचे. एक गाठीचा, दुसरा गाठीपासून लांबच्या निरोगी आतड्याचा. कुरणे ते कापून दोन बारक्या नळ्यांत घालत. स्टँडच्या डाव्या भोकात गाठ, उजव्या भोकात निरोगी. पुढं मदतनीस स्नेहल त्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि लगेच गोठवायला टाकायची. खरं तर कापणाऱ्यानंच नळीवर आधी लिहायचं, असा नियम होता. कुरणे हसायचे. "डावं-उजवं कळायला लिवून कशाला ठेवाय पायजे?"

जुलैत पुण्याच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. डॉक्टर अक्षतांनी दार लावून घेतलं आणि दोघांना बसवलं.

"चार पेशंटच्या जोड्या उलट्या आहेत. गाठीच्या नळीत निरोगी आतड्याची प्रथिनं, आणि निरोगी म्हणून पाठवलं त्यात गाठीची. मार्चनंतर घेतलेले पेशंट हेच चार. काय झालं असेल?"

प्रश्न दोघांना होता, पण बाईंची नजर आधी आपल्यावर आली असं कुरण्यांना वाटलं. चूक झाली की पहिली नजर आपल्याकडं वळते, हे ते शाळेपासून बघत आले होते. काच फुटली, खडू हरवला, की गुरुजी मागच्या बाकाकडं बघायचे. त्यांची कानशिलं तापली.

"माझ्याकडनं न्हाय," ते म्हणाले. "गाठ मला डोळं झाकून कळती."

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. स्नेहल राधानगरीकडची, तिशीतली, कंत्राटावर. काम करताना तिचा मोबाईल टेबलावर असतो, हे त्यांना आता दिसायला लागलं. ती हसून कुणाशी बोलली तरी त्यांना वाटे, आपल्याबद्दलच. तिनं चहा प्यायला बोलावलं तर त्यांनी नको म्हटलं. ती बाहेर गेली की ते तिचं रजिस्टर चाळत. हिनंच घोळ केला आणि आता गप्प बसलीय, याची त्यांना खात्री होत चालली.

पुरावा त्यांच्याच कपाटात होता. प्रत्येक तुकड्याची एक कड ते मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवत आणि त्यावर मात्र स्वतःच्या हातानं नंबर घालत. त्या चार रुग्णांचे ठोकळे काढून त्यांनी पातळ काप काचांवर घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. गाठ ती गाठ, निरोगी ते निरोगी. कापताना तसूभर चूक नव्हती. म्हणजे घोळ नंतर झाला होता.

ते तडक डॉक्टरांकडं गेले. "बघा मॅडम. माझ्या टेबलापर्यंत समदं बरोबर हाय. फुडचं तुमचं तुमी इचारा. आन् काम करताना मोबाईल कुणाचा चालू असतोय, तेबी इचारा."

स्नेहलला बोलावलं. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, मी डावीकडची गाठ म्हणूनच चिठ्ठी लावतो. पयल्या दिवसापास्नं तसंच करतोय की ओ."

"खोटं," कुरणे म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांना कामावर परत पाठवलं. पण स्नेहलचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, आणि ते वाढवायचा कागद त्यांच्या टेबलावर तसाच पडून राहिला.

दोन दिवसांनी नवीन ऑपरेशन झालं. कुरण्यांनी तुकडे कापले, नळ्या भरल्या आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून स्टँड पलीकडं सरकवला. रोज ते हात धुवायला जात. आज त्यांना तिला रंगेहाथ पकडायचं होतं. ते गुपचूप फिरून पलीकडच्या खोलीत गेले आणि तिच्या मागं उभे राहिले.

स्नेहलनं डावीकडची नळी उचलली आणि तिच्यावर 'गाठ' अशी चिठ्ठी लावली.

नळीत निरोगी तुकडा होता. पातळ, फिकट, त्यांनीच मिनिटापूर्वी घातलेला. तिनं काही बदललं नव्हतं. तिचा डावा हात त्यांच्या उजव्या हातासमोर येत होता, एवढंच. मार्चमध्ये नवीन एसीचं वारं मानेवर येतं म्हणून त्यांनीच टेबल खिडकीपाशी हलवून घेतलं होतं. तोवर ती त्यांच्या शेजारी उभी राहायची. तेव्हापासून ती खिडकीपलीकडं, समोर होती.

"थांब," ते म्हणाले. "टाकू नगंस ती."

ती दचकून वळली. खिडकीच्या पलीकडचं आपलं टेबल कुरण्यांनी एकदा बघितलं. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ठोकळे त्यांच्या बाजूनं होते, आणि स्नेहल तशीही जाणार होती.

त्यांनी तिला तिथंच उभं ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. स्टँड इकडून आणि तिकडून, दोन्हीकडून दाखवला. "नळीवर मी लिवलं असतं तर हे झालंच नसतं. चूक माझी. हिच्यावर मी उगंच आळ घेतला."

"चारही आता अभ्यासातून वगळावे लागतील," डॉक्टर म्हणाल्या.

"नावं बदलून चालत न्हाईत? ठोकळे हायत की."

"तुमच्या-माझ्या सांगण्यावर नाही बदलता येत, काका. आणि ताडून बघायला नळ्यांत काही उरलं नाही, सगळं तपासणीत संपलं. यल्लव्वा त्यातल्याच. त्या मे महिन्यात गेल्या."

यल्लव्वा सीमेकडच्या गावातली. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तिनं कुरण्यांनाच विचारलं होतं, "नीट वापरशीला न्हवं, अण्णा?" त्यांनी मान डोलावली होती. खुर्ची ओढून ते बसले.

स्नेहलचं कंत्राट वाढलं. त्यांच्याशी मात्र ती कामापुरतंच बोलते. चहाला पुन्हा बोलावलं नाही. आता कुरणे तुकडा घालण्याआधी नळीवर स्वतः लिहितात आणि खिडकीतून मोठ्यानं वाचून दाखवतात. ती ऐकते, नळी उजेडात धरते, आत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते, आणि मगच चिठ्ठी लावते.