साहेबांसोबतचा सामना

टेनिसवर पोट भरू पाहणारी आमच्या आरमोरीची मी पहिलीच, आणि ते नीटसं भरलं नाही म्हणून बहुधा शेवटचीही. वडील चंद्रपूरला खाणीच्या वसाहतीत वायरमन होते. तिथल्या क्लबातलं कोर्ट भर उन्हात रिकामं असे, म्हणून मी टेनिस दुपारीच शिकले. पुढे ताश्कंद, कैरो अशा लांबलांबच्या शहरांत जाऊन पहिल्याच फेरीत हरले, क्वचित दुसऱ्या. गुडघा गेला तेव्हा घरी परतले. वडीलही निवृत्त होऊन आरमोरीलाच आले होते.

त्याच सुमारास गावात नवं कोर्ट झालं. उद्घाटनाला माझा सत्कार ठरला. बॅनरवर माझा फोटो आणि शेजारी बॅडमिंटनचं फूल. सत्काराआधी शाळेचे क्रीडाशिक्षक घरी आले.

"बाई, साहेबांसोबत तुमचा सामना ठेवून राह्यलो. जरा सांभाळून घ्या."

"सांभाळून म्हणजे?"

"म्हणजे हरून जा. तुमाले का फरक पडते?"

"हराची सवय आहे तिले," वडील म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. तरी मी हो म्हटलं.

साहेब म्हणजे आमचे तहसीलदार, पुण्याकडचे, नवेकोरे बूट घालून आलेले. मी मनापासून हरायचा प्रयत्न केला. सोपे चेंडू जाळ्यात घातले, काही मुद्दाम बाहेर मारले. पण साहेबांची सर्व्हिसच जाळं ओलांडेना, आणि माझी हळूच टाकलेली सर्व्हिसही त्यांना परतवता येईना. समोरून चेंडूच येत नसेल तर माणसानं हरावं कसं? जीव तोडून खेळूनही जे मला जमलं नव्हतं, ते त्या दिवशी काहीच न करता झालं. मी सरळ जिंकले.

क्रीडाशिक्षकांचा चेहरा उतरला. साहेबांनी मात्र हसत माइक घेतला. "आज बाईंचा सत्कार आहे. म्हटलं, त्यांना जिंकू द्यावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वडिलांनीही वाजवल्या. मला आधी राग आला, मग हसू आवरेना.

दुसऱ्या सकाळी साहेबांच्या पत्नी रॅकेट घेऊन दारात उभ्या.

"मला शिकवाल? फार नको. एका माणसाला हरवण्यापुरतं."

दिवाळीच्या आत त्यांनी हरवलंही. त्यांच्यामागून गावातल्या बायका यायला लागल्या. आता सकाळी कोर्टावर जागा मिळत नाही. फक्त धानाच्या रोवणीच्या दिवसांत सगळ्या शेतात असतात, कोर्टाकडे कुणी फिरकत नाही. मग मी एकटीच भिंतीशी खेळते.