सखूआजींच्या दाराची कडी

प्रीतीने दीपमालाताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खुर्च्या ओढत होत्या. गुडीहत्नूरला तरुणांचं शिबिर होतं. गावात दंगा होऊन गेल्यावर दुखावलेल्या माणसांना पुन्हा एकत्र कसं आणायचं, हे शिकवायला मावला गावच्या या शिक्षिका आल्या होत्या. पोरं हार घेऊन ताटकळली होती.

"मॅडम, आमी लावल्या होत्या ना खुर्च्या!" प्रीतीचा चुलतभाऊ करण म्हणाला.

"छानच लावल्या. पण भ्यालेल्या माणसाले बसल्या जागेवरून दार दिसलं पाहिजे, बाबू."

"इथं कोन भ्यालं हाये?"

"नाही ना? मंग हार ठेव अन् ही खुर्ची धर."

सगळे हसले. करण हसला नाही. दोन वर्षांपूर्वी मिरवणूक कोणत्या वाटेने न्यायची या वादातून प्रीती-करणच्या गावात दगडफेक झाली, तेव्हा बौद्ध वस्तीतल्या सखूआजी घरात एकट्या होत्या. बाहेरून त्यांच्या दाराला कडी घातली गेली. ती करणने घातली, हे प्रीतीला ठाऊक होतं. लहानपणी तिला न्हाऊमाखू घातलं ते सखूआजींनीच. त्या दिवसापासून त्या प्रीतीच्या घराकडे फिरकल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा यावं, एवढ्यासाठी प्रीती शिबिराला आली होती.

पुढे गावात माफीची बैठक ठरली. तयारी प्रीतीकडे. आजींचा मान म्हणून तिने त्यांना पार आत, भिंतीजवळ मोठ्या खुर्चीवर बसवलं, शाल-श्रीफळ आणलं. भाषणं सुरू झाली, बाहेरचा गलका नको म्हणून कुणीतरी दार लोटलं. आजी ताडकन उठल्या. खांद्यावरची शाल तिथंच पडली.

"मान देल्ला तं उठून गेली!" म्हातारे कुरकुरले.

"ताई, शिकवलेलं सारं इसरली मी," बैठकीनंतर प्रीती दीपमालाताईंपाशी रडू लागली.

"इसरली नाही, पोरी. मान आडवा आला," दीपमालाताई म्हणाल्या. त्या कुणावर रागावल्या नाहीत. "आता बोलावणं बंद. तू जा त्यांच्याकडे. ओट्यावर बस. काही मागू नको, माफीही नाही."

प्रीती जाऊ लागली. आजी तुरी निवडत असल्या तर तीही निवडू लागे. बरेच दिवस असे गेले.

"रोजरोज काऊन येऊन राह्यली वं?"

"बसाले, आजी."

"मंग बाहीर काऊन? आत ये. दार राहू दे उघडं." मग निवडलेल्या तुरी पाखडत आजी म्हणाल्या, "कडी घालनाऱ्याले पाठव. एकट्याले. शालबिल नोको."

प्रीतीने निरोप सांगितला तसा करण एकटाच गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "आजी, कडी मी घातली होती."

आजी उठून दारापाशी आल्या. "आतून लई हाका मारल्या रे तुमाले," त्या म्हणाल्या. "माफीचं मंग पाहू. आदी हे कडी काढ."

करणने पक्कड आणून कडीचे खिळे उपटले. पुढच्या आठवड्यात सखूआजी प्रीतीच्या ओट्यावर आल्या. चहा प्यायल्या, आत मात्र गेल्या नाहीत. प्रीतीने आग्रह केला नाही.

दीपमालाताई मावल्याच्या शाळेत शिकवतात. हल्ली रविवारी त्या बसने वांकिडीला जातात. तिथं नवं शिबिर सुरू झालं आहे.