जिनचा वास

लढाईच्या दिवसांत मी बेलापूरकडच्या एका दारूच्या कारखान्यात अबकारी कारकून होतो. नगरच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांसाठी तिथे जिन बनायची. उसाच्या मळीपासून काढलेल्या बिनवासाच्या दारूत धणे, संत्र्याची साल आणि परदेशातून आलेली जुनिपरची निळी फळं घालून ती पुन्हा उकळत. फळांचा वास घेऊन वाफ वर चढे आणि गार होऊन खाली उतरे, ती जिन.

भट्टीवरच्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. धार सुरू झाली की तो चार थेंब तळहातांवर चोळायचा, ओंजळ नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. कुठली धार ठेवायची, कुठली टाकायची, हे त्याचं नाक ठरवी.

एकदा तापातून उठून आल्यावर त्याने ओंजळ माझ्यापुढे धरली. "भाऊसाहेब, वास येतोय का बघा."

"येतोय की."

"मला न्हाई येत. सायबाला सांगू नका."

मग त्याच्याऐवजी मी वास घेऊ लागलो. माझं नाक कच्चं. आठवड्यातच टाकायची धार मी चांगली म्हणून पुढे जाऊ दिली आणि कारखान्याच्या साहेबाने त्याला काढून टाकलं.

फाटकाशी मी कसंबसं म्हणालो, "दुसरं काम मिळेल तुम्हाला."

"काम मिळंल वो. घरी पोरगी झालीया. तिची टाळू हुंगतो, तर दगड हुंगल्यावानी वाटतं."

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. त्याला उराशी धरताना मी कितीतरी दिवस श्वास रोखून धरत असे.