केतकीचा आदर्श पेशंट

चहा घेतलात ना सगळ्यांनी? मग तोंडातला घोट आधी गिळून टाका. मागे एक गृहस्थ हा किस्सा ऐकताना ठसकले होते आणि त्यांचा सगळा चहा माझ्या शर्टावर आला होता. माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा पुष्कळ झालाय हो, पण ऐंशी माणसांसमोर, माईकवरून, डोळे मिटून केलेला हा एकच!

तर मला तंबाखूचं व्यसन. साधंसुधं नाही, तीस वर्षांचं. इथे कन्नड मुलखात, यशवंतपूरच्या पलीकडे आमचा सरकारी कारखाना, तिथे मी क्वालिटी कंट्रोलला. नोकरीला लागलो त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलवाल्यानं तळहातावर मळून दिली. तेव्हापासून कारखान्यातली मशिनं कितीदा तरी बंद पडली असतील, माझा बार भरायचा कधी राहिला नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास दात दुखला म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दाताकडे बघितलंच नाही. गालाच्या आतल्या बाजूला आरसा धरून वंदनाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, जवळ बोलावलं.

"हा पांढरा चट्टा दिसतोय? आज घाबरण्यासारखं नाही. पण तंबाखू थांबली नाही, तर पुढच्या वेळी मी इतकं गोड बोलणार नाही."

घरी आल्यावर मी देवासमोर शपथ घेतली. चार दिवसांत मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. तिसरी घ्यायला उभा राहिलो, तर वंदना म्हणाली, "राहू द्या. देवाला तरी किती त्रास द्यायचा?" आणि ती बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, चहा द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. ती भांडत असली की मला बरं वाटतं हो. घरात माणूस आहे असं वाटतं.

अशात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर केतकीचा मेसेज आला. केतकी पुण्याची, अकरा वर्षं आयटीत मॅनेजर, आता सर्टिफाइड हिप्नोथेरपिस्ट. व्यसन, वजन, निद्रानाश, स्टेजची भीती, बॉसची भीती, लग्न न जमणं आणि जमलेलं न टिकणं, सगळ्यावर एकच उपाय: डोळे मिटा! मी वंदनाला मेसेज दाखवला. ती महिन्याभरानं पहिलं वाक्य बोलली.

"मी येते बरोबर."

केतकीचं क्लिनिक सर्जापूर रोडला. आमच्या घरापासून तिथे पोचायला दोन तास लागतात. माणूस निम्मा संमोहित तर टॅक्सीतच होतो. अकराव्या मजल्यावर काचेच्या दाराची खोली, कोपऱ्यात खळखळणारं छोटं कारंजं, गवती चहाचा वास. तुम्हाला सांगतो, गवती चहा आपल्याकडे सर्दी झाली की उकळतात. इथे तो नुसता जाळत ठेवला होता.

"काका, रिलॅक्स. आता तुम्ही एका जिन्यावरून खाली उतरताय. दहा पायऱ्या. प्रत्येक पायरीला तुम्ही अजून डीप जाताय."

मी उतरायला लागलो. तिसऱ्या पायरीला गुडघा आठवला. सहाव्या पायरीला आठवलं की पाण्याची मोटर चालूच ठेवून आलोय! दहाव्या पायरीवर पोचलो तेव्हा मी इतका टक्क जागा होतो, की शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगू शकलो असतो.

"आता तुमचा उजवा हात हलका होतोय. फुग्यासारखा. तो आपोआप वर जातोय..."

हात जागचा हलेना. एक मिनिट गेलं.

"वर... जातोय..."

दोन मिनिटं गेली. पोरीचा आवाज बारीक व्हायला लागला. आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? आपल्या मंडळाची पोर. आल्या आल्या वेलची घालून कॉफी दिलेली, वर दोनदा "काका, साखर पुरे ना?" विचारलेलं. तिच्या तोंडावर "बाई गं, मला काही होत नाहीये" असं कसं म्हणायचं? शिवाय मी सरकारी कारखान्यातला माणूस. दिल्लीहून साहेब तपासणीला आले, की त्यांना जे बघायचं असतं तेच दाखवायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. बंद मशीनसुद्धा आम्ही त्यांच्यासमोर गुणगुणायला लावलंय.

मी हात उचलला. अगदी हळू, थरथरवत, मध्ये थोडा अडकवून.

"ओ माय गॉड, काका!" केतकी कुजबुजली.

मग तिनं बजावलं, की यापुढे तंबाखू समोर आली की मला कारल्याच्या रसाची चव येईल. मी तोंड वाकडं केलं. तिनं टिचकी वाजवली, मी डोळे उघडले आणि स्वतःच्या पदरचं म्हणून एक वाक्य टाकलं, "मी... मी कुठे आहे?"

बाहेर आल्यावर केतकीनं वंदनाचे दोन्ही हात धरले. "काकू, इतका डीप जाणारा पेशंट मी पाहिला नाही. काका म्हणजे आदर्श पेशंट आहेत!"

वंदनानं माझ्याकडे बघितलं आणि हसली. परतीच्या वाटेवर ती सबंध दोन तास बोलत होती, भाचीच्या साखरपुड्यापासून गॅसवाल्यापर्यंत. रात्री थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. आता तुम्हीच सांगा, त्या लोण्याच्या गोळ्यासमोर खरं बोलायचं धाडस कोणाला होईल? मी मनाशी ठरवलं, की आपणच तंबाखू सोडायची. म्हणजे खोटं आपोआप खरं होईल.

तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी बाजारात रामोजीअण्णांच्या तंबाखूच्या दुकानावरून जात होतो. अण्णांचं घराणं सहा-सात पिढ्यांपासून इथलं, मराठी अशी बोलतात की निम्मी कन्नड.

"काय सार, आलाच नाही की दुकानाकडे! आंग बरं हाय न्हवं?"

"सोडली अण्णा."

"सरी, सरी. बरं केला बघा. मग हे नवीन माल आलंय, नुसतं वास बघून सांगा की कसं हाय. स्वल्पच."

क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला माल तपासायला सांगितल्यावर तो नाही कसा म्हणेल?

झालं! आठवडाभर तंबाखू खायची आणि शनिवारी सर्जापूर रोडला जाऊन हात वर करायचा, असं माझं दुहेरी आयुष्य सुरू झालं. आणि खोटं कशाला बोलू, मी त्यात तरबेज झालो. पापण्या फडफडवायला शिकलो. श्वास लांबवायला शिकलो. पाचव्या शनिवारी केतकी म्हणाली, "काका, या सवयीचं मूळ जिथे आहे तिथे मागे जा. अजून मागे. जन्माच्याही मागे."

जन्माच्या मागे? मला तर कालची भाजी आठवत नाही. पण पोरगी वही-पेन घेऊन बसलेली! आदल्या आठवड्यात विमानतळावर कोणाला तरी सोडायला गेलो होतो, तेव्हा वाटेत देवनहळ्ळीचा किल्ला बघितला होता. दिलं ठोकून.

"मी किल्ल्याच्या दारावर पहारेकरी आहे. देवनहळ्ळी. पहाऱ्यावर झोप येते... म्हणून तंबाखू..."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, नाव न घालता. नाव न घातल्यामुळे तासाभरात सगळ्यांना कळलं की तो मीच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात दरवर्षी कोणाचं तरी गाणं असतं. यंदा ठरलं संमोहनाचं प्रात्यक्षिक! आणि पेशंट कोण, ते सांगायला नकोच. मी नाही म्हणणार होतो. पण केतकी म्हणाली, "काका, तुमच्याशिवाय कोण?" आणि मी मान डोलावली. माझी मान अशीच आहे.

रविवारी हॉल भरलेला. पुढे साठेक बायका, मागे तिळगुळाच्या ताटाजवळ त्यांचे नवरे. हळदीकुंकू झालं, वाण वाटून झालं आणि मला स्टेजवर खुर्चीत बसवलं. मी दहा पायऱ्या उतरलो, हात वर गेला, टाळ्या पडल्या.

"आता काका फुल ट्रान्समध्ये आहेत," केतकी माईकवर म्हणाली. "आणि ट्रान्समध्ये माणूस खोटं बोलू शकत नाही. कोणाला काही विचारायचंय?"

हॉलमध्ये खसखस पिकली. मग आवाज आला, "मी विचारू?"

वंदना!

तिच्या हातात दुसरा माईक गेल्याचं मला मिटल्या डोळ्यांनी कळलं. माझं डोकं भराभर चालायला लागलं. आमच्या कारखान्यातली एक युक्ती आहे. तपासणीत दोन बारक्या चुका आपणच कबूल करायच्या, म्हणजे साहेबांचा विश्वास बसतो आणि मोठी चूक झाकली जाते. तेच करायचं ठरवलं.

"माझ्या बहिणीनं विणलेला स्वेटर कुठे हरवला?"

"हरवला नाही," मी खोल आवाजात म्हणालो. "वॉचमनला दिला. टोचायचा."

हशा!

"मी केलेली शेवयांची खीर आवडते का?"

"मोगऱ्याच्या कुंडीत ओततो."

हॉल कोसळला. मागे कोणीतरी शिट्टी मारली. मला वाटलं, जिंकलं! आता ती तंबाखूचं विचारेल, मी म्हणेन सोडली, आणि एवढं सगळं ऐकल्यावर कोण शंका घेणार?

"आता शेवटचं विचारते." तिचा आवाज एकदम खाली आला. "तो पांढरा चट्टा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही हो. भाजी चिरताना दिसतो. तुम्हाला घरी यायला उशीर झाला की दिसतो. सोडली का तंबाखू?"

मी तोंड उघडलं. 'सोडली' हा शब्द अगदी ओठांवर होता. आणि काय झालं कोण जाणे, तो बाहेर पडेना. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली, की खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"नाही," मी म्हणालो.



"कुठे ठेवता?"

आता खरं बोलायला सुरुवात झालीच होती. "तुझ्या वाणाच्या खोक्यात. एकदम तळाशी."

हे म्हटलं आणि मिटल्या डोळ्यांसमोर काजवे चमकले! वंदनानं दिवाळीतच वाणासाठी स्टीलच्या डब्या आणून पलंगाखाली ठेवल्या होत्या. त्यातलीच एक मी उचलली. तंबाखू भरलेली डबी ठेवायला डब्यांच्या खोक्यासारखी जागा नाही, संक्रांतीपर्यंत तिथे कोण बघणार? फक्त संक्रांत येते, हे मी विसरलो. त्या दिवशी सकाळीसुद्धा बार भरून डबी जागच्या जागी ठेवली होती. आणि ते खोकं आत्ताच, हळदीकुंकवासकट, वाटून झालं होतं!

खट. खट. खटखटखट. साठ डब्यांची झाकणं उघडली. आणि माझ्या कानाशीच माईकवर एक प्रचंड शिंक आली. वाणाची माझी डबी केतकीच्याच वाट्याला आली होती.

पण पोरगी मॅनेजर होती, सहजासहजी हरणारी नव्हे. डोळे पुसत तिनं डबी माझ्या नाकाशी धरली. "काका, कारल्याची चव येतेय ना? बोला!"

"नाही," मी म्हणालो. "जरा चुना लागेल."

तुम्हाला वाटेल, केतकीची फजिती झाली. छे! ती माईकवर ओरडली, "बघितलंत? ऐंशी लोकांसमोर काका खरं बोलले! हीच ट्रान्सची पॉवर!" कार्यक्रम संपल्यावर तिच्याभोवती बायकांची रांग लागली. प्रत्येकीला आपापला नवरा घेऊन यायचं होतं. त्या नवऱ्यांपैकी एकही आजतागायत माझ्याशी बोलत नाही.

टॅक्सीत मी माझं काम चोख केलं. ट्रान्समधलं पेशंटला आठवत नाही असं केतकी सांगायचीच.

"काय गं, मी काही बोललो का तिथे? मला काहीच..."

"पुरे," वंदना म्हणाली. "मोगरा का मेला ते कळलं मला."

"नाही, म्हणजे ट्रान्समध्ये माणूस..."

"कसली ट्रान्स? पहिल्या दिवशीच काचेच्या दारातून बघत होते मी. एकोणतीस वर्षं तुमच्या शेजारी झोपतेय. डोळे मिटल्यावर पाच मिनिटांत घोरला नाहीत, म्हणजे जागेच होतात!"

मी सीटवर ताठ उठून बसलो.

"मग... मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. कधीतरी आपणहून खरं सांगाल म्हणून. आज सांगितलंत. आणि जागेपणी सांगितलंत." तिनं पदरानं डोळे टिपले. "उद्या सुट्टी टाका. सरकारी इस्पितळात व्यसनमुक्तीचे डॉक्टर बसतात. मी येतेय बरोबर."

(गेलो. अजून जातोय. सुटतेय हळूहळू, तिथे कोणी हात वर करायला सांगत नाही.)

पण त्या वेळी टॅक्सीत तिच्याकडे बघायची माझी छाती होईना. ड्रायव्हर आरशातून हसत होता तो वेगळाच. मी सीटला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि तिची खात्री पटावी म्हणून बारीकसं घोरायला सुरुवात केली.

वंदनानं दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, हे तरी नीट करा. खरं घोरता तेव्हा खिडकीच्या काचा हलतात!"