बिराजदार सरांच्या कीबोर्डची पाच बटनं

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी हमखास साठतात. एक, लोक न्यायला विसरलेले रिमोट. दुसरी, किस्से. रिमोट निदान दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? ते आम्ही दुपारच्या चहाला काढतो, आणि दर वेळी त्यात चमचाभर भर पडते! हे मात्र घडलं तसं सांगतोय. कारण रज्जाकभाई शेजारीच बसलेत, आणि माझी चूक काढायला ते कायम टपलेले असतात.

रज्जाकभाई म्हणजे माझे पार्टनर. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. लोहाऱ्यात स्टँडच्या बाजूला आमचं दुकान आहे. सोल्डरिंग त्यांचं, बडबड माझी, अशी वाटणी आहे.

* * *

एक दिवस दुपारी बिराजदार सर एसटीतून उतरून थेट दुकानात आले. मला आठवी ते दहावी गणित ह्यांनीच शिकवलं. मी शिकलो नाही, तो भाग वेगळा. काखेत लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, देवाची मूर्ती आहे.

लुगडं सोडलं तर आत काळा, वहीएवढा कम्प्युटर! चाळीस वर्षांपूर्वी सरांच्या मेव्हण्यानं आखातातून आणलेला. सगळं मशिन कीबोर्डच्या पोटातच. वर राखाडी रबरी बटनं, मागं टीव्हीला लावायची वायर.

रज्जाकभाईंनी तो उलटा-सुलटा करून बघितला. "सर, ह्याला झालंय काय?"

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर प्रगतिपुस्तकासारखा तक्ता आखलेला. एकूण बटनं चाळीस. पैकी चालू पस्तीस. बंद पाच, क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी. खाली लाल शाईत, साडेसत्याऐंशी टक्के.

रज्जाकभाई म्हणाले, "मग मेरिटला आलंय की! दुरुस्ती कशाला करायची?"

सर हसले नाहीत. "लवकर करा," एवढंच म्हणाले. बोलायला बसले की सरांची एसटी चुकते, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी मात्र पहिल्याच गाडीनं परत गेले.

* * *

स्क्रू काढून मशिन उघडलं. खडूची पूड, दोन मेलेल्या मुंग्या आणि एक दात निघाला.

दात म्हणजे खरा दात! बारका, दुधाचा.

रज्जाकभाई चिमट्यात धरून म्हणाले, "दत्ता, हा पार्ट कुठला?"

सरांना फोन लावला. त्यांनी पुण्यातल्या मुलीला, शैलाला, लावला. पन्नाशीकडं झुकलेल्या शैलाताईंनी मग मलाच फोन केला. सहा वर्षांच्या असताना पहिला दात पडला, तो त्यांनीच मशिनच्या मागच्या खाचेतून आत सरकवला होता.

"अहो, पण कशाला?"

"बाबाच म्हणायचे ना, ह्यात एकदा घातलेलं हरवत नाही!"

* * *

आता बिघाड. ह्या बटनांच्या खाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, त्यावर चांदीच्या रेघा. पडद्याचं शेपूट मशिनच्या खाचेत बसतं. चाळीस वर्षांत ते शेपूट पापडासारखं कडक झालं होतं आणि खाचेजवळ चिरलं होतं. एका रेघेवर पाच बटनं. रेघ तुटली, पाची गेली.

मी म्हटलं, चांदीचा रंग लावून रेघ जोडू. वीज वाहून नेणारा तसा रंग बारक्या बाटलीत मिळतो. सोलापूरला जाणाऱ्या एका जीपवाल्याला बजावून सांगितलं, "सिल्व्हर पेंट आण. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानातूनच!"

संध्याकाळी त्यानं मोठ्या दिमाखात डबा आणून टेकवला. पुरा एक लिटर. वर लोखंडी गेटचं चित्र!

"इलेक्ट्रॉनिकवाला म्हणला, संपलाय. शेजारी हार्डवेअरमधी लई होता. बारकी बाटली कशाला, म्हणलं डबाच न्यावा."

रज्जाकभाईंनी शांतपणे झाकण उघडलं, ब्रश शोधला आणि दुकानाचं शटर रंगवायला घेतलं.

* * *

चौथ्या दिवशी सर पुन्हा आले. मी म्हटलं, "सर, अहो नवा कीबोर्ड घ्या ना. असल्या जुन्या मशिनचा एवढा हट्ट कशाला?"

तेव्हा सरांनी सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं लख्ख आहे, सगळं समजतं, पण बोललेलं कुणाला कळत नाही. डाव्या हातानं लिहिता येत नाही. मोबाइलच्या काचेवर थरथरतं बोट भलतीकडंच पडतं.

"हा मी मागवला शाळेतल्या पोरांसाठी," सर म्हणाले, "पण शिकली ती. मी शाळेत गेलो की ही ह्याच्यावर बसायची. गेल्या आठवड्यात तिनंच कपाटाकडं बोट दाखवलं. लावून दिला. आणि ही पाच अक्षरं उमटेनात. किती दाबली तरी नाही. शेवटी तिनं मशिन ढकललं, भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस धड जेवली नाही."

रज्जाकभाई मशिन पुढ्यात ओढून म्हणाले, "सर, तुम्ही चहा घ्या. शेपूट कापावं लागंल."

* * *

म्हणजे चिरलेला भाग काढून टाकायचा आणि उरलेलं शेपूट पुन्हा खाचेत बसवायचं. कापायचं फक्त चार मिलिमीटर, पण रेषेत. तिरकं गेलं की पडदाच वाया, आणि दुसरा लोहाऱ्यात कुठला मिळायला?

आयुष्यभर सोल्डरिंग करणारे रज्जाकभाई कात्री खाली ठेवून म्हणाले, "माझ्याच्यानं न्हाय होणार. हा हात सोल्डरिंगचा, कात्रीचा न्हाय."

शेजारी चंद्रकलाताईंचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. रज्जाकभाई त्यांनाच घेऊन आले. ताईंनी चष्मा पुसला, पडदा उजेडाला धरून बघितला, खडूनं खूण केली आणि विचारलं, "शिवणीला कापड सोडू का?"

"नको!" आम्ही तिघंही ओरडलो.

खच्च. एका दमात, दोऱ्यासारखं सरळ! सरांनी तेवढा वेळ डोळे मिटून घेतले होते.

* * *

दुकानातल्या जुन्या टीव्हीला मशिन जोडलं. सर एकेक बटन दाबत होते, टीव्हीच्या पडद्यावर अक्षर उमटत होतं. चाळीसपैकी चाळीस! दारात येरमाळ्याकडचे एक पाहुणे विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर घेऊन उभे होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "गुरुजी, ह्यातनं सातबारा निघतो का?"

"नाही हो. ह्यातनं आपोआप काहीच निघत नाही. सगळं आपणच घालायचं."

"म्हंजे कोरडवाहूच की!"

* * *

मशिन पोचवायला मी आणि रज्जाकभाई सरांच्या घरी गेलो. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं. शब्द कळले नाहीत.

सर म्हणाले, "या म्हणतीय. बसा म्हणतीय." मी पंख्याकडं बघितलं, तर सर म्हणाले, "हिला वारं सोसत नाही." काकूंनी मान हलवली. "बघा, नको म्हणतीय." मग हिला चहा चालत नाही, दूधच आवडतं, रेडिओवर शेतीच्या बातम्या लागतात, दुपारी हिला झोप लागते... काकूंच्या वतीनं सर अर्धा तास बोलत होते. काकू एकदा त्यांच्याकडं, एकदा आमच्याकडं बघत होत्या.

टीव्ही पलंगासमोर आणला. दाबलेलं अक्षर मोठं दिसावं म्हणून सरांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. मशिन काकूंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताचा पंजा बटनांवरून हळूच फिरवला, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा.

पहिलं अक्षर, टी. उमटलं!

रज्जाकभाईंनी माझा हात घट्ट धरला. सर म्हणाले, "टी म्हणजे टीव्ही. टीव्ही लाव म्हणतीय. नाहीतर टी म्हणजे चहा..."

काकूंनी मान वर केली नाही. यू. एम. एच. एकेका अक्षराला मिनिट मिनिट. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. शेवटी बोट थांबलं. मी पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं,

"तुम्ही लई बोलता."

सरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. खुर्ची ओढून ते पलंगाला खेटून बसले. काकूंचं बोट पुढचं अक्षर शोधायला लागलं होतं.