बुरशीचे दाणे

अमडापुरातले आमचे म्हातारे शेजारी दिसेल त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवतात. दाण्यांवर बुरशी दिसली, तर फुंकर मारून म्हणतात, "खा बे, काही होत नाही." मीही भिडेपोटी खायचो. लेकरू होईना म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी बुरशीचं खाणं बंद करायला सांगितलं.

हे मी शेजाऱ्यांना हळूच सांगितलं, पण त्यांना ऐकू कमी येतं. "काऊन नाही खात?" शेवटी मी ओरडलो, "बुरशीच्या विषानं पुरुषाचं बीज कमजोर होऊ शकते!" सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली.

ते मात्र हसले नाहीत. घरात वळून बायकोला म्हणाले, "आयकलं काय वं? लेकरू नाही म्हून जलमभर तुलेच बोल लावले म्या. दोष माहाही असन."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी घाईघाईनं चपला शोधू लागलो. त्या माझ्या पायातच होत्या.